कच्च्या वरणाची नोंद

चंद्रावरच्या 'कौमुदी' तळाच्या दवाखान्यात डॉ. ऋजुता मांजरेकरच्या टेबलावर दोन गोष्टी एकदम येऊन पडल्या. पहिली, तिनेच हट्टाने तयार करून घेतलेला आदेश: तळाच्या पाठसंग्रहात, म्हणजे कामं कशी करायची ते शिकवणाऱ्या लेखांच्या साठ्यात, फक्त मूळ पाठ ठेवावेत, लोकांनी बदललेले सगळे पुसून टाकावेत. सही तेवढी बाकी होती. दुसरी, बातमी: तळाचा स्वयंपाकी इनास फर्नांडिस याचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, तापाने तो शुद्धीतही नव्हता, आणि शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र नेमकं आजच रुसलं होतं.

यंत्राची दुरुस्ती-पुस्तिका होती, पण कुलूपबंद. ती उघडायचा परवाना पृथ्वीवरून यायला दोन दिवस लागणार होते. इनासकडे फार तर चार तास होते.

"खेड्यातल्या परिचारिकांसाठी एक खुला पाठ आहे," पाठसंग्रह सांभाळणारे हणमंत तुपे म्हणाले. "साध्या कुकरमध्ये हत्यारं निर्जंतुक कशी करायची त्याचा. गडहिंग्लजच्या यमुना घोरपडे सिस्टरांनी लिहिलाय."

"खुला म्हणजे फुकट, एवढंच ना?"

"फुकट तर वाचनालयातलं वर्तमानपत्रही असतं, पण त्यात आपण खाडाखोड करत नाही. खुल्या पाठात लेखकाने आधीच परवानगी देऊन ठेवलेली असते. उतरवून घ्या, भाषांतर करा, गरजेप्रमाणे बदला, पुढे द्या. अट एवढीच, मूळ लेखकाचं नाव राहू द्यायचं आणि काय बदललं, कोणी, कशासाठी, ते खाली नोंदवायचं. या पाठातही एक बदल आहे, तो जरा—"

"नको! कोणीही उठावं आणि वैद्यकीय पाठात हात घालावा? मला सिस्टरांचाच पाठ द्या, जसाच्या तसा."

हणमंतांनी तो दिला. वरणभाताचा कुकर दवाखान्यात नको म्हणून ऋजुताने भांडारातून नवाकोरा मागवला. शिट्टी झाल्यावर वीस मिनिटं, असं पाठात होतं. शिट्टी तर लगेच वाजली. ऋजुता खूश झाली. पण वीस मिनिटांनी कुकर उघडला, तर आतली खूणपट्टी, जी हत्यारं निर्जंतुक झाली की काळी पडायला हवी, ती पांढरीच. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पलीकडे इनास कण्हत होता. ऋजुता हणमंतांकडे वळली.

"तो बदल दाखवा," ती म्हणाली.

हणमंतांनी वाचलं. "चंद्रावर शिट्टीचं वजन सहापट करावं. त्यासाठी केलेलं पोलादी कडं स्वयंपाकघरात खुंटीला आहे."

ऋजुताने कपाळावर हात मारला. शिट्टी म्हणजे एक वजनच! वाफेने ते उचललं की ती वाजते. इथे ते सहावा हिस्साच भरतं, म्हणजे पुरेशी वाफ कोंडायच्या आतच उठतं. एकशे एकवीस अंश हवेत तिथे जेमतेम एकशे चार.

"कोणी लिहिलंय?"

"इनासने. संग्रहात कुकरचा हा एकच पाठ होता, त्यातच लिहिलंन."

"कारण?"

हणमंतांनी खालची ओळ वाचली. "कारण: वरण कच्चं राहतं म्हणून डॉक्टरबाई ताट परत पाठवतात."

कडं चढवल्यावर पट्टी काळीकुट्ट झाली. शस्त्रक्रिया वेळेत पार पडली.

दुसऱ्या दिवशी इनासने डोळे उघडले. ऋजुता उशाशीच बसली होती. "इनास, तुमचे फार उपकार झाले. तुमच्यामुळे वाचलात तुम्ही."

"माझ्यामुळे? कापलंत तर तुम्ही!" तो क्षीण हसला. "आता वरण बरं लागतं ना, डॉक्टरबाई?"

ऋजुताचे डोळे भरून आले. तिने सिस्टरांना कृतज्ञतेचा निरोप धाडला, आदेश फाडला, आणि पाठाच्या तळाशी इनासच्या नावाखाली लिहिलं:

"बदल: नवीन कुकरलाही कडं आधीच लावून ठेवावं. कारण: ज्याला हे ठाऊक होतं, तो त्या दिवशी बोलू शकत नव्हता. — ऋजुता मांजरेकर, ताट परत पाठवणारी."