उसना न्यूट्रल

वॉल्टरकाकांनी, म्हणजे हिल्डाआत्याच्या नवऱ्यानं, घराचं वायरिंग स्वतःच्या हातानं केलं होतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी एवढंच म्हणते की ते फार चांगले सुतार होते.

आमच्या थॉर्नक्लफ गावात त्या पिढीतल्या प्रत्येक पुरुषाला वाटायचं, रविवारची दुपार आणि एक पेचकस हाताशी असला की झालं, वीज आपल्या घरची गाय. मी इलेक्ट्रिशियन, माझा सगळा जन्म या लोकांनी करून ठेवलेलं निस्तरण्यात चाललाय. हिल्डाआत्याच्या जिन्याखालचं कपाट उघडलं आणि मी कपाळावर हात मारला. लाकडी फळीवर जुने तपकिरी फ्यूज, कापडाचं आवरण असलेल्या वायरी आणि एका फ्यूजमध्ये तारेऐवजी चक्क आत्याची केसांची पिन.

"ती पिन मीच शोधत होते," पुढच्या खोलीतून आत्या म्हणाली.

पुढच्या खोलीतून, कारण तिची खाट आता तिथं होती. वसंतात ती जिन्यावरून पडली, खुबा मोडला, आणि तेव्हापासून वरचा मजला तिला परका झाला. न्हाणीघर वर, निजायची खोली वर, आणि ही बाई खाली टीव्हीशेजारी. पालिकेची बाई येऊन सांगून गेली की जिन्यावर चढउतार करणारी विजेची खुर्ची बसवा, नाहीतर आजींना वृद्धाश्रमात हलवावं लागेल. खुर्ची बसवणारी माणसं आली, त्यांनी हा बोर्ड पाहिला आणि हात वर केले. असल्या बोर्डावर आम्ही काही जोडणार नाही, म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं.

चुकत होता क्लाइव्ह. हिल्डाआत्याचा एकुलता एक मुलगा, राहतो लीड्सला. खुर्चीवाले परत गेले त्याच आठवड्यात आत्याच्या उशाशी वृद्धाश्रमाचं रंगीत माहितीपत्रक येऊन पडलं. मुखपृष्ठावर कुंडीतली फुलं आणि हसणारी म्हातारी. माझं डोकंच फिरलं. मी त्याला फोन लावला.

"बोर्ड मी बदलते. तू मध्ये पडू नकोस."

"जॅनिस, उगाच कशाला त्रास घेतेस? आईला तिथं सोबत मिळेल."

"सोबतीची एवढी हौस आहे तर तूच जाऊन राहा की तिथं."

"तू नेहमी अशीच बोलतेस."

"आणि तू नेहमी असाच वागतोस," म्हणून मी फोन ठेवला. शुक्रवारी पालिकेची बाई पुन्हा येणार होती. त्याच्या आत बोर्ड बदलून खुर्ची चालू व्हायला हवी होती, नाहीतर क्लाइव्ह घर विकायला मोकळा. एवढा साधा मामला होता.

आत्याचं घर रांगेतलं शेवटचं. पूर्वी ही दगडी घरांची रांग खाली कालव्यापर्यंत जायची. सत्तरच्या दशकात पालिकेनं खालची अर्धी रांग राहण्यालायक नाही म्हणून पाडली, आणि आत्याचं घर टोकाला आलं. बाजूच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा फासलाय, पण हवा दमट असली की त्यावर पलीकडच्या घराच्या जिन्याची तिरपी रेघ अजून उमटते. त्यापलीकडे काही नाही. खडी, कचऱ्याचे डबे, आणि जांभळ्या तुऱ्यांची दोन-चार रानझुडपं.

सोमवारी मी जुना बोर्ड उतरवला आणि नवा चढवला. नव्या बोर्डात एक शहाणा खटका असतो. घरात जेवढी वीज गेली तेवढीच परत आली का, हे तो सतत तपासतो. जराही फरक आला की खटका खाली पडतो. माणसाला शॉक बसायच्या आत पडावा, म्हणूनच त्याचा जन्म.

मी तो वर केला. तो पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला.

मला हसू आलं. या जुन्या इंग्रजी घरांचं हे ठरलेलं दुखणं आहे. जिन्याच्या दिव्याला एक बटण खाली, एक वर. आळशी माणूस दिव्याची फेज खालच्या सर्किटमधून घेतो, आणि परतीची तार लांब पडते म्हणून ती वरच्या सर्किटमध्ये खुपसून मोकळा होतो. आमच्या धंद्यात याला उसना न्यूट्रल म्हणतात. जुन्या फ्यूजला त्याचं सोयरसुतक नसतं. नव्या खटक्याला असतं. "वॉल्टरकाका, सापडलात," म्हणत मी वरच्या पॅसेजमधल्या दोन फळ्या उचलल्या, तारा वेगळ्या केल्या आणि ज्याची त्याला जोडून दिली. खटका वर राहिला.

चहाच्या वेळेपर्यंत राहिला. मग पडला.

"किटली लावलीस का गं?" मी ओरडून विचारलं.

"मी कशाला लावू? मी झोपलेय," आत्या म्हणाली.

मंगळवारी तेच. दिवसभर सगळं गुण्यागोविंदानं, आणि चारच्या सुमाराला, हिवाळ्यामुळं बाहेर अंधारून यायला लागलं की खटका खाली. बुधवारी मी तयारीनं बसले. घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंचे प्लग काढले. बोर्डातले सगळे छोटे खटके खाली पाडले. म्हणजे एकही फेज चालू नाही, घरात एक थेंब वीज जात नाही. तारेला नुसता चिमट्यासारखा पकडणारा एक मीटर असतो, तो मी वरच्या दिव्यांच्या परतीच्या तारेला लावला आणि कपाटात पायरीखाली मांडी घालून बसले.

मीटर शून्यावर होता. बराच वेळ शून्यावरच होता.

मग आकडा चढला. हळूहळू नाही, एकदम. किटलीचं बटण दाबल्यावर चढतो तसा. पाणी उकळायला लागतो तेवढा वेळ तिथंच थांबला आणि एकदम शून्यावर आला.

घरातून वीज जात नव्हती. तरी परत येत होती.

भीती वगैरे काही वाटली नाही मला, खोटं कशाला सांगू. संताप आला. कोणीतरी आपली परतीची तार या घरात घुसवली होती, आणि त्या फुकट्यापायी माझी आत्या घरातून जाणार होती. मी ताडताड वर गेले आणि फळ्या पुन्हा उचलल्या. दिव्याच्या जोडणीत मागे, मी ज्याला वॉल्टरकाकांची अडगळ समजले होते, तिथून एक जुनी रबरी वायर निघत होती. मी तिच्यामागं रांगत गेले. ती पॅसेजच्या टोकाला गेली आणि भिंतीत शिरली.

बाजूच्या भिंतीत. जिच्यापलीकडे कचऱ्याचे डबे होते त्या भिंतीत.

मी खाली उतरले, बाहेर गेले, शिडी लावली. गिलाव्यावर बोटं फिरवली. भोक नाही, चीर नाही, पेटी नाही. जिन्याची ती तिरपी रेघ तेवढी ओलसर होती. पुन्हा वर आले. वायरीच्या दोन तारांपैकी एक फार पूर्वी कापून तिच्यावर पट्टी गुंडाळलेली होती. पट्टी वाळून तिचा भुगा झाला होता आणि आतलं तांबं काळं पडलं होतं. ती फेज असणार, इथून पलीकडे जाणारी. दुसरी तेवढी जोडलेली राहिली होती.

मी वायर हातात धरून ओढली. वीतभर बाहेर आली आणि ताणली गेली. मी सोडून दिली. ती सरकत सरकत भिंतीत परत गेली. वीतभर गेली, आणि मग आणखी थोडी गेली.

मी खाली आले ती तडक आत्याच्या खाटेपाशी.

"आत्या, ती भिंतीतली वायर कसली आहे?"

तिनं टीव्हीचा आवाज कमी केला. "एथेलबाईंची."

"कोण एथेलबाई?"

"बॅराक्लफ. शेजारच्या. सगळी रांग रिकामी झाली, पण त्या काही जाईनात. नवरा याच घरात वारला, मी पण इथूनच जाणार, म्हणायच्या. मग पालिकेनं त्यांची वीज तोडली. थंडीचे दिवस गं. वॉल्टरनं भिंतीला भोक पाडलं आणि आपल्यातून वायर दिली. एक दिवा आणि एक किटली, बास."

"आणि पुढं?"

"पुढं काय. एका दुपारी माणसं आली आणि घेऊन गेली. कुठल्याशा आश्रमात. चहा तसाच राहिला टेबलावर, एक घोट घेतलेला. महिनाभरसुद्धा नाही काढला तिथं." तिनं पांघरूण सारखं केलं. "वॉल्टरनं वायर कापली. पण एकच तार कापलीन वाटतं त्यानं."

"तुला ठाऊक होतं हे?"

"चहाच्या वेळेला जिन्याचा दिवा जरा उजळायचा. वॉल्टर म्हणायचा, कनेक्शन ढिलं आहे. मी म्हणायचे, असेल बाबा."

मग मी भांडले. ते मला नेहमी सुचतं. म्हटलं, तुझी एथेलबाई असो नाहीतर आणखी कोणी, तो खटका टिकला नाही तर खुर्ची नाही, आणि खुर्ची नाही तर परवा ती बाई तुला त्या फुलांच्या कुंड्यांमध्ये नेऊन बसवेल आणि क्लाइव्ह या घराला विक्रीची पाटी लावेल. त्यांना नेलं तसंच तुलाही नेतील. जायचंय का तुला?

"नाही," आत्या म्हणाली.

"मग मी ती तार कापणार."

"त्या अंधारात बसतील, जॅनिस."

"आत्या, तिथं कचऱ्याचे डबे आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी काही आगाऊपणा केला की बघायची तशी. मग म्हणाली, "मला वर घेऊन चल. कापायच्या आधी त्यांना सांगायला हवं. न सांगता तोडायला आपण काही पालिका नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. तिला जवळजवळ उचलूनच मी एकेक पायरी वर नेलं. पॅसेजच्या टोकाला, भिंतीशी, स्टुलावर बसवलं. तिनं बोटानं भिंतीवर टकटक केली, शेजारणीचं दार वाजवावं तशी.

"तू जरा खाली जा," ती मला म्हणाली.

मी जिन्यात उभी राहिले. शब्द कळले नाहीत. आत्या हळू आवाजात काहीतरी सांगत होती, मध्येच थांबत होती, आणि मग "हो हो, तसंच करा" म्हणाली. एवढं ऐकू आलं. मग तिनं मला हाक मारली, आणि मी जाऊन तार कापली.  

त्या दिवसानंतर खटका पडला नाही. गुरुवारी खुर्ची बसली, शुक्रवारी पालिकेची बाई आली. आत्या तिच्यासमोर खुर्चीत बसून राणीसारखी वर गेली आणि खाली आली. बाईनं मान डोलावली. क्लाइव्ह फोनवर म्हणाला, चला, बरं झालं, आणि त्याच्या आवाजात काय होतं ते मला पक्कं कळलं. मी त्याला चार शब्द सुनावले. छान वाटलं.

पुढच्या आठवड्यात मी सहज चहाला गेले. आत्या काठी टेकत स्वयंपाकघरात वावरत होती, गाल लाल, अंगावर स्वच्छ कपडे. टेबलावर फळांचा केक कापून ठेवला होता. आम्ही बसलो. क्लाइव्हच्या नावानं थोडी बोटं मोडून झाली. बाहेर अंधारून आलं, आणि तिनं किटली लावली.

पॅसेजमध्ये घरघर सुरू झाली.

स्वयंपाकघराच्या दारातून जिना समोरच दिसतो. खुर्ची वरून खाली येत होती.

"आत्या, तू ती वर ठेवली होतीस?"

"मी कशाला वर ठेवू? मला रात्री लागते ती. पण त्यांना तिकडूनच यावं लागतं ना." तिनं कपाटातून एक कप काढला. "किती दिवस बसणार अंधारात. मीच म्हटलं, आमच्याकडे येत जा."

मी या खुर्च्या पुष्कळ पाहिल्यात. हातावर एक छोटी कांडी असते. ती दाबून धरली तरच खुर्ची हलते, बोट काढलं की जागच्या जागी थांबते. पोरांनी खेळू नये म्हणून तशी केलेली असते.

खुर्ची रिकामी होती. कांडी एका बाजूला पूर्ण दाबलेली होती.

ती सावकाश खाली आली. तळाशी थांबली. कांडी सरळ झाली. मग, बसलेलं माणूस उठल्यावर होते तशी, तिची नवीकोरी गादी हळूहळू वर आली.

मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला भांडायला काही सापडेना.

आत्या चहा ओतत होती. तिनं मान वर केली नाही.

"जॅनिस," ती म्हणाली, "तू त्या स्टुलावर बस, पोरी. तू बसलीस तिथं त्या बसतात."

मी उठले.