कायमची ठेवायची गाडी

पंढरीने जयाला पहिल्यांदा पाहिलं ते एका ट्रकखालून. म्हणजे आधी दिसले ते नुसते पाय. चापूनचोपून नेसलेल्या गुलाबी साडीखाली रबरी चपला, आणि त्यातली एक चप्पल अधीरपणे जमिनीवर आपटत होती.

"ओ मिस्त्री, बाहेर या. माझी कोळंबी उन्हात मरतेय!"

"मेलेलीच असते ना ती?" पंढरी खालूनच म्हणाला.

"मेलेली चालते. नासली, तर सगळी टोपली इथेच ओतून जाईन."

तेव्हा कुठे तो बाहेर आला. एकोणनव्वद सालातली गोष्ट, संक्रांत नुकतीच झालेली. ठाकुर्लीच्या बंद पडलेल्या पॉवर हाउसमागे गुरुदत्तशेठचं गॅरेज होतं आणि पंढरी तिथला मिस्त्री. जयाचा भाड्याचा टेम्पो दारातच बंद पडला होता. डिझेलच्या पाइपात हवा शिरली होती, बाकी काही नाही. दहा मिनिटांचं काम. पंढरीला मात्र त्या दिवशी अर्धा तास लागला... का लागला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

टेम्पो सुरू झाला तरी जया हलेना. "मला माझी गाडी घ्यायचीय," ती म्हणाली. "पिकअप. जुनी चालेल. पण एकदाच घेणार आणि शेवटपर्यंत ठेवणार. बघून द्याल?"

असं बोलताना तिने त्याच्याकडे सरळ बघितलं. गॅरेजात येणारी माणसं बॉनेटकडे बघून बोलतात. पंढरीला या नजरेची सवय नव्हती. हातातलं फडकं उगाचच पिळत तो म्हणाला, "बघू की."

जया ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली, गोमाजीची एकुलती एक लेक. आई नौपाड्यात मासळी विकायची आणि जया ओली-सुकी मासळी घेऊन कल्याण, टिटवाळा, पार मुरबाडच्या बाजारापर्यंत जायची. सोमवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं, म्हणून तो दिवस तिचा मोकळा. गुरुदत्तशेठकडे विकाऊ गाड्या येतच असत. झालं! दर सोमवारी अकराच्या सुमाराला गुलाबी नाही तर हिरवी साडी गॅरेजच्या दारात दिसू लागली, आणि पंढरी सोमवारी सकाळी दाढी करू लागला.

पहिल्या सोमवारी एक लालभडक पिकअप उभी होती. जया खूश.

"रंग बघून घेशील तर फसशील," पंढरी म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, हे दोघांनाही कळलं नाही. त्याने खिशातून लोहचुंबक काढून दरवाजाला लावलं. ते टपकन खाली पडलं. "बघ. आत नुसती पुट्टी. पत्रा सडलाय, वरून पावडर लावलीय."

"माणसांना पण लावून बघतोस का हे?"

"लावून बघू?"

जया हसली आणि दोन पावलं मागे सरली... दोनच, तिसरं नाही.

मग त्याने तिला सगळंच शिकवलं. इंजिन थंड असतानाच गाडी बघायची, मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर समजायचं, काहीतरी लपवतोय. धूर निळा आला तर गाडी ऑइल पितेय. आणि सगळ्यात आधी चासी, म्हणजे गाडीचं हाड. "बाकी सगळं बदलता येतं. हाड मोडलं की संपलं. त्यात तुझा माल खारा. मिठाचं पाणी लोखंड खातं. आधी मासळी वाहिलेली गाडी तू घेऊच नकोस."

"किती रे बोलतोस तू."

"गाड्यांबद्दलच बोलतो."

"तेच म्हणतेय मी," जया म्हणाली आणि दुसरीकडे बघू लागली.

आता या वाक्याचा अर्थ एखाद्या शहाण्या माणसाला कळला असता. पंढरी गाड्यांच्या बाबतीत शहाणा होता.

दुसरी गाडी निळा धूर सोडणारी निघाली, तिसरीची कागदपत्रं गडबडीची. दोन्ही वेळा पंढरीने खरं तेच सांगितलं आणि दोन्ही वेळा जया पुढच्या सोमवारी आली. त्यातून त्याच्या मनाने एक वेडा हिशोब बांधला. गाडी नापास झाली की जया येते. पास झाली, तर...?

शिमग्याला पंधरा दिवस होते, तेव्हा निळी पिकअप आली. टिटवाळ्याच्या एका गिरणीवाल्याची. दहा वर्षांत पिठाशिवाय काही वाहिलं नव्हतं तिने. पंढरी खाली शिरला. पान्याने चासी ठोकत टोकापासून टोकापर्यंत गेला. सगळीकडून एकच खणखणीत आवाज. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, धूर नाही, खडखड नाही. अशी गाडी वर्षातून एखादीच येते.

तो बाहेर आला तर जया श्वास रोखून उभी. "काय रे? हीच ना?"

तिचा चेहरा उजळलेला होता, आणि पंढरीला पुढचं सगळं दिसलं. ही आता गाडी घेणार आणि मुरबाडच्या रस्त्याला लागणार. मग सोमवार कसला नि ठाकुर्ली कसली!

"चासीला वेल्डिंग आहे, हाड मोडून जोडलंय," तो म्हणाला. "नको."

"नीट बघितलंस? परत एकदा बघ ना."

"नको म्हणतो ना. येईल की दुसरी. घाई काय आहे?"

जया काही बोलणार होती. ओठ उघडलेही... पण तिने नुसतं निळ्या दरवाजावर हात ठेवला आणि उचलला. "तू म्हणतोस तर नको," म्हणाली आणि गेली.

पुढच्या सोमवारी पंढरी दाढी करून बसला. जया आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शिमगा होऊन गेला. गिरणीवाला आपली गाडी केव्हाच घेऊन गेला होता.

मग एका गुरुवारी दुपारी तीच निळी पिकअप गॅरेजच्या दारात येऊन थांबली. चालवत होता एक उंच, हसऱ्या चेहऱ्याचा तरुण. शेजारी जया. हातात हिरवा चुडा नव्हता अजून, पण बोटात नवी अंगठी होती.

"हे काळुराम," ती खाली उतरत म्हणाली. "साखरपुडा झाला आमचा. वैशाखात लग्न."

काळुरामने मोकळेपणाने हात पुढे केला. "हिला पिकअपची लय हौस, म्हणून टिटवाळ्याच्या एका गिरणीवाल्याकडून गुपचूप घेऊन टाकली. आणि बघा, गाडीत माल भरूच देत नाही! म्हणते, आधी मिस्त्रीला दाखवा." तो समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेला.

जया जवळ आली. आवाज दबलेला. "तूच म्हणाला होतास ना, हाड मोडलंय. हे रोज घाट चढणार हिच्यातून. माल भरलेला असणार. मला झोप लागत नाही रे. किती धोका आहे, खरं सांग."

पंढरी गाडीखाली शिरला. बघण्यासारखं काहीच नव्हतं तरी पडून राहिला. आपल्या एका शब्दावर या मुलीने इतका भरवसा ठेवला होता, आणि तोच शब्द खोटा होता. त्याला स्वतःची शरम वाटली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने तेलकट बाहीने पुसलं आणि बाहेर आला.

"वेल्डिंग नाही," तो म्हणाला. "नव्हतंच."

"म्हणजे...?"

"खोटं बोललो मी. गाडी मिळाली असती तर तू आली नसतीस. तू यावीस असं वाटायचं... दर सोमवारी. म्हणून."

जयाने बोटातली अंगठी फिरवली. टपरीवर कपबशा वाजत होत्या.

"बाबांनी शिमग्यापर्यंतची मुदत दिलेली," ती म्हणाली. "तोवर गाडी झाली तर धंदा कर म्हणाले, तुझ्या मनासारखं कर. नाही झाली तर स्थळाला हो म्हणायचं. मी शब्द दिलेला."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर माझ्यासाठी घाई केली असतीस. एखादी मोडकी गाडीही पास केली असतीस. मला तुझं खरं मत हवं होतं."

तेवढ्यात काळुराम तीन कप घेऊन आला. "काय मग मिस्त्री? टिकेल ना?"

"वीस वर्षं काढेल," पंढरी म्हणाला. "फक्त दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा. खालूनसुद्धा."

"बघ! उगाच घाबरलीस," काळुराम जयाला म्हणाला. माणूस चांगला होता, आणि तेच पंढरीला जास्त लागलं.

चहा संपला. काळुराम स्टिअरिंगवर बसला. जया पलीकडे बसली, दार लावलं, आणि इंजिन सुरू झाल्यावर त्या आवाजाच्या आडून खिडकीतून वाकली.

"मिस्त्री असून तुला एवढं कळलं नाही रे?" तिचे डोळे भरले होते. "त्या दिवशी हो म्हणाला असतास, तरी मी येतच राहिले असते. जुनी गाडी कायमची ठेवायची, तर मिस्त्रीही कायमचाच लागतो ना?"