‘पोच’ नावाचं फोल्डर

रावेरच्या हेमराजकाकांच्या केळी पॅकिंग हाऊसमध्ये संगणक दोन, आणि दोघांत भाऊबंदकी! काकांच्या संगणकावर एक मेल प्रोग्राम, हिशेब पाहणाऱ्या लताबाई अक्कांच्या संगणकावर दुसराच. अक्कांनी हलवलेला मेल काकांना सापडायचा नाही. दहावीची परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या कामिनीनं, काकांच्या या लाडक्या पुतणीनं, एका सकाळीत ते भांडण मिटवलं. सगळे मेल सर्व्हरवर ठेवले आणि दोन्ही प्रोग्रामना तीच तीन फोल्डर दाखवली. ‘भरती’, ‘रस्त्यात’, ‘पोच’. गाडी भरली की तिच्या बिल्टीचा, म्हणजे मालाच्या पावतीचा, मेल पहिल्यात, सुटली की दुसऱ्यात, व्यापाऱ्याची सही मिळाली की तिसऱ्यात. इकडे हलवा, तिकडे दिसतंय!

“ही पोरगी एक दिवस माझी खुर्ची घेईन,” अक्का म्हणाल्या.

“एक दिवस कशाला? जूनपासूनच घेते!”

साडेबाराला, तिचे पप्पा चालवत होते त्या गाडीचा मेल ‘पोच’मध्ये गेला. गाडी तर सकाळीच सुरतेला निघाली होती, इतक्यात पोचणं शक्यच नव्हतं.

“अक्का, तुम्ही हलवला?”

“मी डबा खाऊ राह्यली व. हात भरेल हायेत.”

काका बाहेर वजनकाट्यावर होते. कामिनीनं मेल ओढून ‘रस्त्यात’मध्ये ठेवला. तिच्या डोळ्यांदेखत तो परत गेला. माउसला कुणाचा हात नव्हता.

तिनं सर्व्हरची यादी उघडली. या खात्याला कोण कोण जोडलंय? दोन प्रोग्राम ओळखीचे. तिसऱ्या ओळीत नाव नव्हतं, नुसती कोरी जागा. तिनं पासवर्ड बदलला. दोन्ही प्रोग्राम तुटले, नवा पासवर्ड मागू लागले.

तिसरा जोडलेलाच राहिला.

नवा पासवर्ड घालून तिनं मेल उघडला. बिल्टीखाली एक ओळ वाढली होती. ‘माल नको. ड्रायव्हर मिळाला.’

बाहेर उन्हानं पत्रे तडतडत होते. तिनं पप्पांना फोन लावला.

“पप्पा, कुठे आहात?”

“धुळ्याजवळ. काय व, घाबरली काहून?”

“गाडी बाजूला लावा. सुरतेला जाऊ नका.”

“अन केळी? गाडीतच पिकली तं काका मलेच पिकवतीन!”

“माझी शपथ आहे, पप्पा.”

पप्पा हसायचे थांबले. “बरं व माय. लावतो ढाब्यापाशी.”

मेल आपणहून ‘रस्त्यात’मध्ये आला. कामिनीनं श्वास सोडला. मग तिनं तो परत उघडला.

ओळ बदलली होती. ‘गाडी थांबली. तिथेच येतो.’

“पप्पा, निघा! गाडी चालू करा!”

“आता काय व? तूच थांब म्हणली ना? अन हे पाय, व्यापाऱ्याचा माणूस इथीच आला. खिडकीपाशी उभा हाये.”

“काच उघडू नका!”

“उघडेलच हाये. भला माणूस दिसतो. म्हणतो, कामिनीनं फोल्डर चांगले जोडले, नाही तं ही गाडी सापडलीच नसती.”

“पप्पा?”

फोन चालू होता. पलीकडे कागदावर सही करताना पेन फिरावं तसा आवाज आला. बारीक, सावकाश.

दोन्ही पडद्यांवर ‘रस्त्यात’ एकाच वेळी रिकामं झालं.