अर्थ लावायचा नाही

रेडिओला अर्थ लावायचा नाही. घरात असा नियम होता, आणि 'का' विचारायचं नाही हा त्याच्यावरचा नियम. अर्थ म्हणजे रेडिओच्या पाठीतून निघून जमिनीत जाणारी तार. मोठ्या काकांनी ती कधीच तोडून टाकली होती. त्यामुळे तो जुना व्हॉल्व्हचा रेडिओ लावला की आधी गुरगुरायचा आणि मग नाइलाज झाल्यासारखा बोलायचा.

ती या घरातली मुलगी, पदार्थविज्ञान शिकलेली. असले नियम तिच्या डोक्यात जायचे. त्या दुपारी काका आणि बाबा बाहेर पडले, तसा तिने रेडिओ पाठमोरा केला. एरियल ठीक होतं. परसात आजोबांनी जमिनीत ठोकलेला लोखंडी पाइप होता. त्याचं गंजलेलं तोंड तिने पॉलिश पेपरने घासलं, नवी तार आवळली आणि खिडकीतून आत घेतली. गुरगुर कमी झाली, पण गेली नाही.

"माती कोरडी, दुसरं काय!" असं म्हणत तिने पाइपाच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतलं.

मातीने ते गटागटा पिऊन टाकलं. साधं डबकंसुद्धा साचलं नाही.

ती आत आली तेव्हा गुरगुर थांबली होती. रेडिओतून एक बाई बोलत होती.

"आणखी..."

नाटक असेल. तिने काटा फिरवला. प्रत्येक स्टेशनवर तीच बाई. एरियल उपटलं, तर आवाज उलट स्वच्छ झाला. मग अर्थची तार सोडवली. शांतता. पुन्हा लावली.

"...घसा कोरडा पडलाय रे, दादा..."

बिघाड कुठे आहे ते कळलं. आवाज वरून येतच नव्हता. खालून येत होता.

दाराशी पिशवी पडल्याचा आवाज झाला. काका आणि बाबा उभे होते.

"ही आत्या ना?" तिने विचारलं. "तुम्हाला दादा म्हणतेय. पळून गेली म्हणता ती?"

"तार काढ," काका म्हणाले.

"आधी उत्तर द्या."

"एवढं शिकवलं ते मोठ्यांना उलट बोलायला?"

"सरळच विचारतेय, काका. ती परसात कशी?"

बाबा भिंतीला टेकले. "पाइप आहे तिथे कोरडी विहीर होती. ती... गरोदर राहिली, लग्नाआधी. नाव सांगेना. तुझे आजोबा, अण्णा म्हणाले, खाली विहिरीत ठेवा, सांगेल आपोआप. पाणीही देऊ दिलं नाही. मग... विहीर बुजवली."

"आणि वर अण्णांनी पाइप ठोकला? माती भुसभुशीत म्हणून?"

"मेलेल्याला कसली तहान?" काका ओरडले. "काढ म्हणतो ना!"

रेडिओ खरखरला. मग अगदी बारीक, बोबडा आवाज आला.

"आई... मला पण..."

बाबांनी काकांचा दंड घट्ट धरला. "अरे, पण ते... ते तर जन्मलंच नव्हतं..."

"पाया पडतो तुझ्या, पोरी," काकांचा आवाज चिरकला. "तार काढ."

"नाही काढणार."

तिने मोरीतल्या नळाखालून भरलेली बादली उचलली आणि परसाचं दार पायाने ढकललं.

"पहिली तिची होती. ही बाळाची," ती म्हणाली.