तळ्याची साफसफाई

बाटली पाण्याखाली धरायची आणि आत बुडबुडा अडकू न देता बूच लावायचं, हे काम दिसतं तितकं सोपं नसतं. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती नेमकं तेच करत होती, तेवढ्यात शिळ्या पावाचा तुकडा तिच्या मनगटाशेजारी टपकन पडला. हात हलला. बुडबुडा आत!

“माशांसाठी होता हो तो,” काठावरून आवाज आला.

हातात पावाची पिशवी घेतलेला एक तरुण. समोरच्या बेकरीत आत्याच्या हाताखाली भट्टी सांभाळणारा. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली.

“माशांना जीव लावताय की त्यांचा जीव घेताय?” बाटली रिकामी करत तिने विचारलं.

“म्हणजे?”

“उरलेला पाव तळाशी कुजतो. कुजताना पाण्यातली हवा संपवतो. मग त्यांनी श्वास कशाने घ्यायचा?”

त्याचा चेहरा एवढासा झाला.

त्या दिवसापासून पाव बंद झाला, त्याचं येणं काही बंद झालं नाही. दर सोमवारी ती यायची आणि हा तिच्या बाटल्या धरायला हजर. सोमवारी याचे पाय जमिनीवर नसतात आणि माझे पाव करपतात, असं आत्या गिऱ्हाइकांना सांगत सुटली होती.

“पाण्यातल्या या वेली तुमच्या पायात फार अडकतात,” तो एकदा म्हणाला.

“अडकू द्या की…” ती हसली. त्याने त्यातलं हसणं तेवढं लक्षात ठेवलं.

पुढच्या सोमवारी ती आली, तर तळ्याचा काठ लख्ख. एक वेल शिल्लक नाही. बाजूला हिरवा ढीग, आणि चिखलाने माखलेला तो शाबासकीची वाट बघत उभा.

“अरे, काय करून ठेवलंस हे! मासे या पानांनाच अंडी चिकटवतात. यंदाची सगळी पिल्लं त्या ढिगात आहेत!”

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “मी… तुला त्रास नको म्हणून—”

“ते नंतर! वेली पाण्यात टाक. मुळं चिखलात दाब.”

दोघांनी पाठ मोडेपर्यंत वेली लावल्या. ढिगातली वरची पानं मात्र केव्हाच सुकली होती. निघताना ती म्हणाली, “पिल्लं निघाली नाहीत, तर मला तोंड दाखवू नकोस.” तो आपल्याला आवडतो, हे तिला त्याच दिवशी पुरतं कळलं, म्हणून तर राग जास्त आला.

आठवड्याने ती पाण्यात उतरली. बऱ्याच वेली कुजल्या होत्या, काही तगल्या होत्या. तिने एक पान हलकेच बाजूला सारलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिली.

तो रस्त्याच्या कडेला उभा होता, तिच्याकडे पाठ करून.

“निघाली का?” त्याने तसंच विचारलं.

“थोडी. दरवर्षीइतकी नाहीत.”

“मग… वळू?”

“वळ.”

तो काठापर्यंत आला. “आता पुढच्या सोमवारी—”

“या तळ्याचं पाणी महिन्यातून एकदाच तपासायचं असतं,” ती म्हणाली.

तो गोंधळला. “मग बाकीचे सोमवार?”

“ते माझे होते. तुझ्यासाठी यायचे, वेड्या.”

त्याने तिला बाहेर घ्यायला हात पुढे केला आणि विचारलं,

“आणि मंगळवार?”