सुट्टीच्या दिवसाचा निळा उजेड

"गोरक्षला वर ओढून नेलं, मॅडम! माझ्या डोळ्यांदेखत!"

जवळच्या कंपनीतला सुपरवायझर शेखर माळावर बसून हंबरडा फोडत होता. त्याचे डोळे सुजून लालभडक झाले होते. पापणी उघडली की घळाघळा पाणी. समोर गवत गोल जळलं होतं आणि मधोमध गोरक्षचा एकच सेफ्टी बूट पडला होता. बुटात रक्त होतं.

चाकणच्या पल्याडचं ते अख्खं गाव सकाळी सहापासून माळावर लोटलं होतं. उडती तबकडी उतरली, माणूस नेला, ही बातमी पोलिसांच्या आधी मोबाइलवर पोचली होती. फौजदार विजयश्री शेळकेला गर्दीतून वाट काढायला चार शिव्या खर्च कराव्या लागल्या.

"किती वाजता झालं हे?"

"साडेपाचला. दोघं फिरायला आलो होतो. घराएवढा निळा उजेड खाली आला. बघितलं नि डोळ्यांची आगच झाली."

"याला पहिल्यांदा कुणी पाहिलं?"

"मी," दूधवाला म्हणाला. "पावणेसहाला. डोळे असेच होते."

विजयश्रीने शेखरची कॉलर बाजूला केली. उघड्या बटणांएवढा त्रिकोण भाजून लाल झाला होता. दोन्ही हात मात्र मनगटापासून खाली कोरे. मग ती वाकून गवताशी गेली. डिझेलचा वास. परग्रहावरही डिझेलच जाळतात म्हणायचं!

"मॅडम, ह्यो खोटं बोलतोय."

गोरक्षची धाकटी बहीण हर्षाली पुढे आली. उजवा हात ओढणीखाली होता. तीन महिन्यांपूर्वी कंपनीच्या प्रेस मशीनने त्या हाताची चार बोटं तोडली होती. उरला होता अंगठा.

"दादा इथं आलाच न्हाई. काल चारला ह्यानं कंपनीत बोलावलं म्हणून गेला, तो माघारी आला न्हाई."

"काल गुरुवार. कंपनीला सुट्टी."

"म्हणूनच बोलावलं आसंल. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर हाय ना, तो माझी बोटं जायच्या आधीच काढून ठेवला व्हता. दादाला तो गावला. आज कारखाना निरीक्षकाकडं नेणार व्हता. कंपनी म्हणती चूक माझी. दादा न्हाई, तर माझं खरं कोण करणार?"

शेजारच्या रतनबाईंना वेगळीच शंका होती. "अगं, तबकडी इथं कुठली? काल दिवस मावळताना कंपनीच्या शेडात निळं लखलखत व्हतं. म्या पोरांना सांगितलं, तवापासून गावभर तबकडीचा गलका."

लोक हसले. विजयश्री हसली नाही. तिने शेखरला जीपमध्ये घातलं.

शेडमध्ये पहिली शिफ्ट लागली होती. प्रेस मशीन धडधडत होती. दारात ट्रक उभा होता आणि त्यात बंद लोखंडी टाक्या चढत होत्या. एकेक टाकी माणूस मावेल एवढी.

"ट्रक थांबवा," विजयश्री ओरडली. मग वेल्डर सोपानरावांकडे वळली. "वेल्डिंग करताना डोळ्यांपुढं धरायची तुमची काच कुठं असते?"

"ह्या लॉकरात. बुधवारी कुलपात ठेवली, किल्ली माझ्या करदोट्याला. आपली काच आमी कुणाला देत न्हाई, मॅडम. डोळ्यांचा मामला."

"या टाक्यांचे जोड बघा जरा."

सोपानराव हात फिरवत गेले आणि सातव्या टाकीपाशी थांबले. "ही माझ्या हातची न्हाई. शेण थापल्यागत जोड मारलाय."

शेखर सुजल्या डोळ्यांनी दाराकडे बघत होता.

"मी दापोडीत वेल्डरच्या घरात वाढले, शेखर," विजयश्री म्हणाली. "वडील कधी काचेशिवाय जोड मारून आले, तर संध्याकाळी धडधाकट असायचे. मध्यरात्री ओरडत उठायचे आणि आई डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची. तो उजेड लागला की आग सहा-सात तासांनी होते, पंधरा मिनिटांत नाही. तुझे डोळे काल संध्याकाळी भाजले. रतनबाईंनी उजेड पाहिला तेव्हा. हातमोजे लॉकरबाहेर पडलेले होते, म्हणून हात वाचले. काच कुलपात होती."

"मी सुपरवायझर आहे. मी कशाला वेल्डिंग करीन?"

"सेन्सर तू काढला होतास. तासाला चार नग जास्त निघावेत म्हणून. गोरक्ष तुझ्याकडे आलाय हे हर्षालीला माहीत होतं. त्यात डोळे जळायला लागले, ते लपवणार कसे? गावात तबकडीची बोंब आयतीच होती. टाकीत कोंबताना निसटून बाहेर राहिलेला बूट माळावर टाकलास, डिझेल ओतून गवत पेटवलंस."

शेखरने बाजूचा मोठा पाना उचलला आणि आवाजाच्या रोखाने फिरवला. तो विजयश्रीच्या खांद्यावर बसला. हाड वाजलं. ती पडता पडता डाव्या हातानेच काठी चालवून गेली. शेखरचा गुडघा मोडला आणि तो फरशीवर तोंडावर आपटला. नाकातोंडातून रक्त वाहू लागलं. दोन हवालदार पाठीवर बसले तरी तो किंचाळत होता.

"मेला होता तो! ह्याच पान्यानं मारलं! मी बंद केला तेव्हा मेलेलाच होता!"

सोपानरावांनी ग्राइंडर चालवला. पत्रा निघाला.

गोरक्ष गुडघे पोटाशी घेऊन आत होता. एक पाय अनवाणी. कपाळ फुटलेलं. डाव्या मुठीची कातडी हाडापर्यंत सोलली होती आणि आतल्या पत्र्यावर वरपर्यंत रक्ताचे ठोसे उमटले होते. बंद केला तेव्हा तो जिवंत होता. सुट्टीच्या शेडमध्ये ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, आणि जो होता तो दार लावून निघून गेला होता.

विजयश्रीने आयुष्यात बरीच प्रेतं पाहिली होती, पण याचा तिला नुसता संताप आला.

हर्षाली गावातून पळत आली होती. तिला अडवायला कुणी धजलं नाही. गोरक्षची उजवी मूठ मिटलेली होती. तिने डाव्या हाताने आणि उरलेल्या अंगठ्याने ती एकेक बोट करून उलगडली. आत तुटक्या वायरींचा छोटा काळा सेन्सर होता.

"बघा," ती सगळ्या शेडला म्हणाली. "चूक माझी नव्हती."

कुणी मान वर केली नाही. मागे प्रेस मशीन अजून धडधडतच होती. विजयश्री मोडका खांदा धरून तिथवर गेली आणि तिने बटण बंद केलं.