झाकलेली हाक

कराडात निळी पट्टी बांधलेल्या माणसाला कोणी हाक मारत नसे. मेंदूज्वराच्या साथीनंतर तशी पद्धतच पडली होती. मनगटावर पट्टी दिसली की भाजीवालाही गप्प उभा राही, गिऱ्हाईक आपणहून वर बघेपर्यंत थांबे. मुलांना शाळेतच शिकवत, की अशा माणसाला नावाने बोलवायचं नाही.

शर्वरी घोरपडेच्या नवऱ्याच्या मनगटावरही ती पट्टी होती, त्यामुळे तिला हे सगळं पाठ होतं. तरी त्या सकाळी ती ओरडली. तिचा नवरा इंद्रजित गॅसवर दूध ठेवून फडताळातून साखर काढत होता आणि त्याच्या सदऱ्याची बाही ज्योतीला टेकायच्या बेतात होती.

"इंद्रा!"

तो वळला. "काय गं?"

बाही वाचली. पण तो डबा हातात धरून तिथेच उभा राहिला. आपण स्वयंपाकघरात कशाला आलो, ते त्याला आठवेना. दूध उतू गेलं, तिने गॅस बंद केला, त्याला हाताला धरून बाहेर बसवलं. संध्याकाळी त्याने तिला फार अदबीने विचारलं, "तुम्ही इथेच राहता का?"

रात्र तिने कशीबशी काढली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. तबस्सुम मुजावर यांना गाठलं. इंद्रजितच्या डोक्यातली चिप त्यांनीच बनवली होती. त्यांच्या खोलीत एक जुनाट, जाडजूड टीव्ही होता आणि त्याला जोडलेला त्यांच्या आजोबांच्या लहानपणीचा व्हिडिओ गेम. पडद्यावर चौकोनी ठिपक्यांचा एक माणूस धावत होता.

"शर्वरीताई, हे आधी बघा, मग मी सांगते ते कळेल," त्या म्हणाल्या. "यातला प्रोसेसर एका वेळी एकच काम करतो. माणूस कुठे पोचला, भिंतीला धडकला का, एवढंच तो बघत असतो. इकडे टीव्हीचा किरण वरून खाली एकेक ओळ काढत येतो. तळाशी पोचला की पुन्हा वर जायला त्याला जरासा वेळ लागतो. चित्रात बदल करायचा तो तेवढ्या फटीत. पण फट आली, हे प्रोसेसरला कळणार कसं?"

"तो सारखा बघत असेल."

"सारखं बघत बसला तर काम कधी करणार? म्हणून चित्र काढणारी दुसरी चिप त्याला एका तारेवरून हाक मारते. इंटरप्ट म्हणतात त्याला. हाक आली की प्रोसेसर हातातलं काम टाकतो, आपण कुठे होतो त्याची खूण लिहून ठेवतो, बोलावलेलं काम उरकतो, आणि खूण वाचून होता तिथे परत जातो. सेकंदाला साठ वेळा. खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही."

ज्वराने इंद्रजितच्या मेंदूतला लक्ष वळवणारा भाग जाळला होता. तिथे बसवलेली चिप याच जुन्या तत्त्वावर चालत होती. साधी होती, म्हणून भरवशाची. भुकेची एक तार, श्वासाची एक, दुखण्याची एक, माणसांच्या आवाजाची एक.

"मग बिघडलं काय?"

"खुणा एकावर एक रचतात. चवड असते त्यांची. काम झालं की वरची खूण काढायची. इंद्रजितरावांच्या डोक्यात नव्या नसा वाढल्यात आणि त्या अर्धवट हाका मारतायत. खुणा पडतात, निघत नाहीत. त्यात बाहेरची प्रत्येक हाक भर घालते. आता चवड शेजारच्या जागेत घुसलीय."

त्यांनी गेमच्या उघड्या सर्किटच्या पाटीवरच्या दोन टोकांना चिमटा टेकवला. धावणाऱ्या माणसाचे पाय आकाशात गेले. मग भिंतीचे तुकडे त्याच्या तोंडाच्या जागी आले, आणि पडदा थिजला.

"त्याच्या डोक्यात शेजारच्या जागेत काय लिहिलेलं असतं?" शर्वरीने विचारलं.

"ते स्वतः," डॉक्टर म्हणाल्या.

चिप बदलणं शक्य नव्हतं. नसा तिच्यात रुजल्या होत्या. उपटली असती तर श्वासच थांबला असता. एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. हाका झाकायच्या, म्हणजे आत पोचूच द्यायच्या नाहीत. मग चवड वाढणार नव्हती. भूक आणि श्वास यांच्या तारा झाकता येत नव्हत्या, त्यामुळे शरीर जेवलं असतं, झोपलं असतं. पण झाकण्याच्या क्षणी मन ज्या कामात असेल त्यातच ते राहणार होतं. काम संपलं की पुन्हा पहिल्यापासून. नंतर त्या हाका कधीच उघडता येणार नव्हत्या.

"आणि नाहीच झाकल्या तर?"

"दिवाळी येईल तेव्हा ते असतील. पण त्यांच्यात ते नसतील."

इंद्रजितचं डोकं ताळ्यावर असताना तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्याशी बोलत असताना झाका. दुसरं कुठलं काम घेऊन बसू मी?"

दवाखान्यातल्या खोलीत दोघं समोरासमोर बसली. हाका झाकणारं औषध हळूहळू चढणार होतं. नेमका क्षण कोणता, ते कोणालाच कळणार नव्हतं. बोलायचं काय, हेही त्यांना सुचेना. शेवटी त्यानेच कुंभार्ली घाटातल्या पंक्चरची गोष्ट काढली. लग्नानंतर दोघं स्कूटरवरून चिपळूणला निघाली होती आणि पंक्चरवाल्याने चाक काढून ठेवून तिलाच चहा करायला लावला होता. शर्वरी हसली, मग रडू लागली. तिला त्याला काहीतरी सांगायचं होतं. तो गोष्ट अर्धी ठेवून पुढे झुकला. "तू काहीतरी म्हणत होतीस ना? बोल."

ती बोलली. त्याने ऐकलं, मान हलवली, "अस्सं," म्हणाला. आणि पुन्हा कुंभार्ली घाटातल्या पंक्चरची गोष्ट सुरू केली.

पहिलं वर्ष तिने त्यावर काढलं. तो "बोल" म्हणे, तेव्हा ती बोले. शेजारच्या बायका म्हणत, आमचे धडधाकट आहेत, पण इतकं ऐकून कुठे घेतात? गच्ची गळते, डोळ्यात मोतीबिंदू आहे, तुझी फार आठवण येते, असं सगळं ती त्या थांब्यात सांगे. आज ना उद्या एखादा शब्द आत जाईल, असं तिला वाटे.

दुसरं वर्ष सरता सरता फलटणला त्याची आई गेली. शर्वरी दिवसकार्य उरकून आली आणि त्याच्यासमोर बसली.

"तू काहीतरी म्हणत होतीस ना? बोल."

"आई गेल्या, इंद्रा."

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "अस्सं." आणि पंक्चरवाल्याचं आठवून तो खळखळून हसला.

ती पुन्हा डॉक्टरांकडे गेली. "मला खरं सांगा. माझं बोलणं त्याच्यापर्यंत जातच नाही?"

"दारापर्यंत जातं," मुजावर डॉक्टर म्हणाल्या. "झाकलेली हाक नाहीशी होत नाही. कोणीतरी बोलावतंय, अशी एक खूण तारेवर उठते आणि तशीच राहते. तिकडे बघणारं कोणी नसतं, इतकंच."

शर्वरीचा चेहरा उजळला. "म्हणजे मी दोन वर्षं जे बोलले, ते सगळं तिथे साठलंय?"

"नाही, ताई. खूण एकच असते. चिप हाका मोजत नाही, काय म्हटलं तेही ठेवत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही तोंड उघडलंत, तेव्हा ती उठली. त्यानंतरच्या बोलण्याने तिच्यात काहीच भर पडलेली नाही."

ती घरी आली. इंद्रजितला भरवणाऱ्या बाई निघून गेल्या होत्या. तो खिडकीपाशी बसून गोष्ट सांगत होता. ती समोरच्या खुर्चीत बसली. घाट झाला, चाक झालं, चहा झाला. तो पुढे झुकला.

"तू काहीतरी म्हणत होतीस ना? बोल."

शर्वरी काहीच बोलली नाही.

तो मन लावून ऐकत राहिला. योग्य तेवढा वेळ गेल्यावर त्याने मान हलवली.

"अस्सं," तो म्हणाला.